मशीन परत बिघडवणारे सर

"चालू हाय ना? मग चालू ऱ्हाऊ दे."

हे बोलायच्या आधी सर उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. पार कानाच्या वरपर्यंत. मग डोळे अर्धे मिटायचे, एक श्वास घ्यायचे, आणि मग हे वाक्य. समोरच्याला वाटायचं, आता कायतरी जबरदस्त ऐकायला मिळतंय. मिळायचं एवढंच. पंखा कुरकुर करतोय, तेल घालू का म्हणलं, तरी हेच. माठ झिरपतोय, बदलू का म्हणलं, तरी हेच. स्वतःच्या चपलेचा अंगठा तुटलेला, तो तारेनं बांधलेला, आणि साहेब बोट वर करून भर बाजारातून फटक फटक चाललेले.

तुम्ही असा एक माणूस तुमच्या गावात बघितला असणारच. नसेल बघितला तर तो तुम्हीच आहात.

मला नकला करायची खोड आहे. शाळेत हेडमास्तरांची करायचो, कळमनुरीच्या गाडीतल्या कंडक्टरची करायचो, लग्नात अक्षता पडायच्या आत पंगतीत बसून घेणाऱ्या व्याह्याची करायचो. एका गणपतीत स्टेजवर सरांची केली. बोट वर, डोळे अर्धे, श्वास, वाक्य. लोक लोळायचे बाकी राहिले. मग खाली बघतो तर सर पहिल्याच रांगेत.

कार्यक्रम झाल्यावर सर पडद्यामागं आले. मी गाल पुढं करायच्या तयारीत. सर म्हणाले, "बोट खाली ऱ्हायलं तुझं. मी यवढ्या खाली धरत न्हाई." आणि तिथंच उभं राहून, बोट नेमकं कुठपर्यंत न्यायचं ते त्यांनी मला करून दाखवलं. दोनदा माझ्याकडून करून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, बराबर.

सर मूळचे डोंगरकड्याचे. हिंगोलीत चहाच्या टपरीच्या वर एका खोलीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. आमच्या पिढीतल्या अर्ध्या पोरांची बोटं तिथंच वळली. सरांचा क्लास म्हणजे काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. माउस कपाटात, कुलपात. हुकूम लिहून मशीन चालवायचं, चित्रावर टिचक्या मारून नाही. एकदा एका पोरीनं माउस मागितला तर म्हणाले, "उंदराला एकदा दाणा दावला की तो घरचाच हून बसतो." ती पोरगी पुढं बँकेत लागली. अजून म्हणते, माझा हात माउसवर गेला की दचकतो.

आणि पत्ता. आमचा जिल्हा परभणीतून वेगळा निघून इतकी वर्षं झाली, की त्यानंतर जन्मलेल्या पोरांना स्वतःची पोरं झाली. सर मात्र पत्त्यात 'जि. परभणी'च लिहायचे. मी विचारलं, काहून? तर म्हणाले, पत्र येतंय ना? आणि खरंच यायचं. पोस्टमन कुरकुरत आणून द्यायचा, पण द्यायचा. सर ते पाकीट वर धरून मला दाखवायचे. "याला म्हंतेत बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. घर नवं बांधा, दार नवं बसवा, पण जुन्या माणसाला घर सापडलं पायजे." असं एखादं वाक्य बोलून झालं की सर खिडकीबाहेर बघायचे, कुणी लिहून घेतंय का म्हणून.

क्लास बंद पडला. पोरांच्या खिशातच कॉम्प्युटर आला, मग जिना कोण चढणार? तेव्हा सर आमच्या पाणी वापर संस्थेत आले. सिद्धेश्वरच्या धरणातून कालवा येतो, कालव्यातून चारी निघते, आणि चारीवर ज्यांची शेतं आहेत त्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायचं, त्यासाठी ही संस्था. माडीवर एक खोली, खाली चहावाला. शेजारी खताचं दुकान, त्यामुळं आमच्या प्रत्येक कागदाला खताचा वास. मी तिथं पगारी ऑपरेटर, सर मानद सल्लागार. मानद म्हणजे चहा संस्थेचा आणि सल्ला सरांचा.

आमच्याकडं पाणी शेपटापासून देतात. चारी जिथं संपते त्या शेताला पहिलं, मग वर वर, तोंडाकडं. कारण तोंडाकडच्याला आधी दिलं की तो एकदम दिलदार होतो, जरा जास्तच भिजवतो, आणि शेपटापर्यंत चिखलसुद्धा पोचत नाही.

कुणाची बारी कधी, हे फोनवर मेसेजनं कळवायचं काम सरांनी मशीनला शिकवलं होतं. आता ते कसं चालायचं ते सांगतो. घाबरू नका, मी पण हे सरांकडून भजी खाता खाता शिकलोय.

आपण काळ्या पडद्यावर हुकूम लिहितो. तो वाचून मशीनकडून काम करून घेणारा जो मधे बसलेला असतो, त्याला शेल म्हणतात. तहसीलात खिडकीत बसतो ना, तो. साहेब आत असतो, आपलं सगळं बोलणं खिडकीवाल्याशी. तर सरांनी शेलला एकेका शेताची एकेक ओळ लिहून दिली होती. ओळीत आधी ज्याची बारी त्याचा नंबर, मग त्याच्या पुढच्या शेतवाल्याचा. शेल पहिला नंबर उचलायचं आणि मेसेज सोडायचं: उद्या अमुक वाजता अमक्याच्या शेताला पाणी, झालं की पुढच्याला कळवा.

आता ज्याच्याकडं फोनच नाही त्याचं काय? त्याच्या नंबरची जागा रिकामी. आणि इथं गंमत होती. जुन्या शेलला रिकामी जागा खपत नसे. पंगतीत मधला एक उठून गेला की वाढपी कसा ओरडतो, "सरका, सरका." पुढचा सरकून त्या पाटावर बसतो. तसंच. पहिला नंबर नाही म्हणलं की दुसरा सरकून पहिल्याच्या जागी यायचा, आणि मेसेज त्याला जायचा. नाव एकाचं, मेसेज शेजाऱ्याला.

कागदावर बघितलं तर ही चूकच. पण ही चूक आमच्या चारीवर एक घर चालवत होती.

चारीच्या पार शेपटाला याडीचं शेत. याडी म्हणजे तांड्यावरच्या बोलीत आई. लेक-सून कामाला लांब, ही एकटी, संगं एक शेळी. तिला सगळे याडीच म्हणायचे, आमचे चेअरमन सुद्धा, आणि ती सगळ्यांना अरेतुरे करायची, चेअरमनला सुद्धा. तिच्याकडं फोन नव्हता.

तिच्या वरचं शेत किसनरावांचं. किसनरावांचा एक बैल होता, राजा. या राजानं एकदा याडीची उभी ज्वारी खाल्ली. याडीनं बोंब मारली नाही, भांडण केलं नाही. राजाच्या वेसणीला धरलं आणि सरळ गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातला. किसनरावांसारख्या पुढारी माणसाला चारचौघांत आपला बैल कोंडवाड्यातून सोडवून आणावा लागला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बांध एकच, चारी एकच, तोंडं दोन दिशांना.

आणि मेसेज जायचा किसनरावांना.

मी हे डोळ्यांनी बघितलंय, म्हणून नक्कल करता येते. किसनराव फोन वाचायचे. खिशात ठेवायचे. बांधावर जायचे, याडीकडं पाठ करून उभे राहायचे, आणि खच्चून घसा खाकरून बैलाला सांगायचे, "ए राजा, उद्या सकाळी शेपटाला पाणी येऊन राहिलं बरं का. झोपून ऱ्हाऊ नको." राजा रवंथ करत त्यांच्याकडं बघायचा. पलीकडं याडी शेळीच्या गळ्यातली दोरी उगीच सारखी करायची आणि शेळीला म्हणायची, "ऐकलं का गं? बैल शहाणा झाला. मालक हाय तसाच."

दुसऱ्या दिवशी याडी पहाटेच दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला, हजर.

मेसेज आला की किसनराव तक्रार घेऊन हापिसात यायचेच. तिचा मेसेज मला काहून येऊन राहिला, म्हणायचे. दाढी करून, धुतलेला शर्ट घालून यायचे तक्रार करायला. सर बोट वर करायचे. "मशीनची चूक हाय, किसनराव. पण चालू हाय ना?" किसनराव म्हणायचे, चालू तर हाय. मग सर पुढचं वाक्य म्हणायचे आणि मी चहा सांगायचो.

मग एक दिवस एक पाल मशीनच्या पोटात शिरली, आणि स्वतःसकट मशीन घेऊन गेली.

नवं मशीन आलं, सरांनी जपून ठेवलेल्या जुन्या ओळी तशाच त्यावर चढवल्या. आमचे सचिव खूश. तरणा माणूस, नांदेडला शिकलेला, कामाला चांगला, फक्त प्रत्येक गोष्ट सुधारायची घाई. नव्या मशीनवर नवं शेल होतं, नवं व्हर्जन. त्यासोबत एक लांबलचक पत्रक पण होतं: आमच्यात काय काय बदललंय, तुमचं जुनं काय काय चालणार नाही. सर खुर्ची ओढून बसले आणि ते इंग्रजी पत्रक आम्हाला मराठीत, पोथी वाचल्यासारखं, सूर लावून सांगायला लागले. अमुक हुकूम आता लांब करून लिहावा. तमुक खूण आता ग्राह्य धरली जाणार न्हाई. अधेमधे आम्हाला हं म्हणायला लावायचे. आम्ही हं म्हणायचो.

सरांचं मत तिथंच ठरलं. म्हणाले, जुनं शेल आपल्याकडच्या माणसासारखं होतं, अर्धं बोला, पुरतं समजून घ्यायचं. नवं शेल म्हणजे पुण्याला राहून आलेला जावई. पाणी द्या म्हणलं की विचारणार, प्यायचं का वापरायचं.

त्या पोथीत एक ओवी अशी होती: रिकामी जागा यापुढं रिकामीच धरली जाईल, पुढचा सरकणार नाही. सरांनी ती वाचली. मी स्वतः तिला हं म्हणलं. आणि तेवढ्यात खालून भजी आली.

एवढंच झालं. बाकी काही नाही. गरम भजी.

उन्हाळी भुईमूग होता याडीचा. आऱ्या सुटायची वेळ. भुईमुगाची आरी जमिनीत शिरली तर शेंग, आणि जमीन वाळून टणक झाली तर आरी वरच्या वर वाळते. झाड हिरवं दिसतं, खाली काही नसतं. म्हणजे या दिवसांत पाणी म्हणजे पाणीच.

नव्या मशीनवरची पहिली बारी. सगळ्यांना बिनचूक मेसेज गेले. याडीच्या ओळीपाशी शेल आलं, पहिली जागा रिकामी दिसली. त्यानं अदबीनं त्या रिकाम्या पाटापुढं पत्रावळ मांडली, सगळं वाढलं, आणि पुढं गेलं. मेसेज कुणालाच गेला नाही.

सकाळी पाणी शेपटाला पोचलं. दारं धरायला कुणी नाही. सगळं पाणी ओढ्याला गेलं. किसनराव त्यांच्या बांधावरून ते बघत उभे होते. नंतर त्यांनी आम्हाला सांगितलं, की पाणी दिसत होतं, पण मेसेज आला नव्हता. मग राजाला सांगणार कशाच्या जोरावर?

दुपारी याडी हापिसात आली. शेळीला दाराच्या कडीला बांधलं, आत आली. पदराच्या ओट्यातून भुईमुगाचं एक उपटलेलं झाड काढून सरांच्या टेबलावर ठेवलं, कीबोर्डाच्या बरोबर मधोमध. पानं मिटलेली. आऱ्या दोऱ्यासारख्या लोंबत होत्या.

आम्हाला वाटलं आता आमची सगळ्यांची रवानगी कोंडवाड्यात. पण तिनं आवाज चढवलाच नाही.

"मास्तर, तुझं मशीन सुधारलं म्हणं."

सर त्या झाडाकडं बघत होते. "व्हय, याडी."

"मग बिघडव की परत."

सरांचं बोट वर आलं नाही. मी बघत होतो.

सचिवांनी लगेच उपाय काढला. याडीलाच फोन देऊ. घरातला जुना फोन आणून, चार्ज करून, नंबर टाकून तिच्या हातात दिला. हिरवं बटण, लाल बटण, सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी हापिसातून लावून बघितला, उचलला नाही. तिसऱ्या दिवशी लावला, बंद. माणूस पाठवून विचारलं तर याडी म्हणाली, तो लेकरू रडल्यासारखा वाजतो, शेळी बिचकती, दूध चोरती. म्हणून गोधडीत गुंडाळून पेटीत घातलाय. सांभाळून ठेवलाय, काळजी नका करू.

मग सचिव म्हणाले, सोपं आहे, याडीच्या नावापुढं किसनरावांचाच नंबर टाकू, त्यांची संमती घेऊ. दोघांना बोलावलं. एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. मधे चेअरमन, दोन्हीकडं बघून मान दुखवून घेत.

किसनरावांनी सचिवांना विचारलं, तिच्या नावापुढं माझा नंबर काहून? मी काय तिचा सांगकाम्या हाय? याडीनं चेअरमनला सांगितलं, त्याच्या फोनात शिरून आलेलं पाणी माझ्या भुईमुगाला नको. चेअरमन म्हणाले, अहो पण इतकी वर्षं तसंच तर येत होतं. यावर दोघंही एकदम बोलले, आणि एकच बोलले, ती मशीनची चूक होती.

बोलून झालं आणि दोघंही सरांकडं बघायला लागले.

मला तोपर्यंत वाटायचं की सर आळशी आहेत, म्हणून ती चूक कधी दुरुस्त करत नाहीत. ते आळशी होतेच. पण त्या दिवशी कळलं, त्या दोघांना नंबर नको होता, संमती नको होती, सलोखा तर अजिबात नको होता. त्यांना चूक पाहिजे होती. चुकीपुढं कुणाला नमावं लागत नाही.

मी सरांना म्हणालो, जाऊ द्या, बारी आली की मी जाऊन सांगत जाईन याडीला, गाडीवर वीस मिनिटं. सर म्हणाले, "तू जाशील रे. पण मग राजाशी कोण बोलनार?"

पुढची बारी जवळ येत होती. ती पण हुकली असती तर याडीच्या हातात नुसता पाला आला असता. सरांनी ते पत्रक परत काढलं. या खेपेला सूर नाही, भजी नाहीत. चष्मा पुसून पुसून, ओठ हलवत, एकेक ओळ. खालून चहा आला तो तसाच निवला. मी सांगतो तुम्हाला, सरांसमोर चहा निवलेला मी त्या एकाच दिवशी बघितला.

पार तळाशी, बारीक अक्षरात सापडलं. ज्यांना जुन्यासारखीच वागणूक हवी असेल त्यांनी सगळ्यात वर एक ओळ लिहावी. ती ओळ वाचली की नवं शेल जुन्याचं सोंग घेईल.

सर माझ्याकडं वळले. म्हणाले, "घे. हे बी तुझ्याच जातीचं निघालं. नकल्या."

ओळ लिहिली. बघू चालतंय का म्हणून सरांनी एंटर मारला, आणि ऐन चैत्रात चारीवरच्या सगळ्या सभासदांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा गेल्या. जुनं जागं झालं ते सगळंच जागं झालं, कधीतरी अडकून पडलेल्या शुभेच्छांसकट. सचिव कपाळ धरून बसले. चेअरमनांचं उत्तर आलं, तुम्हालाही. एका सभासदानं विचारलं, बोनस किती?

पण रिकामी जागा सरकली. आम्ही मेसेज सोडले, आणि सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. कुणी लिहून घेतंय का बघायला नाही. रस्त्याकडं बघत होते. अर्धा तास झाला असेल नसेल, किसनरावांची गाडी आली. दाढी केलेली, शर्ट धुतलेला.

"सर, तुमचं मशीन परत बिघडलं का काय? तिचा मेसेज मला."

सर वळले. बोट वर गेलं, कानाच्याही वर. डोळे अर्धे मिटले. पण श्वास जरा लांबला, आणि वाक्य यायला वेळ लागला. मी तोवर चहा सांगायला खाली पळालो, कारण मला तिथं उभं राहवेना.

शेंगा लागल्या. याडीनं ओटाभर आणून टेबलावर ओतल्या, कीबोर्डाच्या बरोबर मधोमध. सर त्या फोडून खात म्हणाले, बघ, मशीनला पण कळलं पाहिजे कशासाठी चाललंय. अजून त्या कीबोर्डाचं एक बटण दाबलं की आत फोलपट वाजतं.

त्या पत्रकात त्या ओळीच्या खाली अजून एक ओळ होती. ही सोय तात्पुरती आहे, पुढच्या एखाद्या व्हर्जनमध्ये काढून टाकण्यात येईल. सरांनी मला ती नंतर दाखवली, कौतुकानं. म्हणाले, "बघ कसं हाय. आधी सांगून ठेवलंय. माणसाला यवढं बी कुणी सांगत न्हाई."

मी म्हणालो, सर, तुम्हाला कोण काढतंय, तुम्ही मानद आहात.

पोळ्याच्या आधी किसनरावांनी राजाला विकलं. थकला होता, आणि घरात ट्रॅक्टर आला होता. त्या थंडीत सर गेले. झोपेतच गेले, डोंगरकड्याला, भावाच्या घरी. तेराव्याची पत्रिका आली तिच्यावर पत्ता होता, जि. परभणी. सरांच्या पोरानं प्रेसवाल्याला बजावून तसंच छापून घेतलं होतं. सगळ्यांना पोचली. गर्दी झाली. चपलांच्या ढिगात मी उगीचच तारेनं बांधलेली चप्पल शोधत होतो.

हापिसात सरांची खुर्ची आहे. तिचा एक पाय लुळा आहे. सचिव म्हणाले, बदलू या का? आणि स्वतःच म्हणाले, राहू द्या.

यंदा मशीननं नवं व्हर्जन उतरवून घेतलं. बारीच्या आदल्या दिवशी मी मेसेज सोडायला बसलो, तर शेल सरांच्या ओळीपाशीच अडलं. स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, ही सोय आता नाही. मी ती ओळ खोडून परत लिहिली. परत तेच. नव्या शेलनं सोंग सोडून दिलं होतं.

तेव्हा मी याडीची ओळ मशीनकडून काढूनच घेतली. बाकी सगळ्यांचे मेसेज मशीन पाठवतं, बिनचूक. याडीचा मी स्वतः टाइप करतो, आणि स्वतःच्या हातानं चुकीच्या माणसाला पाठवतो.

पाठवला. किसनराव आता गाडी चालवत नाहीत, गुडघे गेलेत. फोन आला. "का रे, तिचा मेसेज मला काहून येऊन राहिला? सर बी गेले, मशीन बी नवं झालं म्हंतेत, तरी तेच?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि सर बाहेर आले. मी ठरवलं नव्हतं. हापिसात कुणी नव्हतं, फोनवर काही दिसत पण नाही, तरी बोट वर गेलं. बराबर कानाच्या वर.

"मशीनची चूक हाय, किसनराव. पण चालू हाय ना?"

मला वाटलं, चुकलं आपलं. आता शिव्या बसणार.

"चालू तर हाय," किसनराव हळूच म्हणाले.

"मग चालू ऱ्हाऊ दे."

ते हं म्हणाले. फोन बंद करायचा विसरले, तसाच खिशात घातला असणार, कारण मला त्यांची पावलं ऐकू येत होती. वाळलेला पाला, काठीचा ठोका, पाला, काठीचा ठोका. मग थांबले. खच्चून घसा खाकरला.

"ए राजा, उद्या सकाळी शेपटाला पाणी येऊन राहिलं बरं का. झोपून ऱ्हाऊ नको."

मी फोन कानाला तसाच धरून बसलो. राजाचा खुंटा पोळ्यापासून मोकळा आहे, हे मला माहीत होतं. त्यांना पण माहीत होतं. आणि बांधाच्या पलीकडं जी होती, तिला तर रोज दिसत होता.

मग लांबून, बारीक आवाजात, शेळीला सांगणं ऐकू आलं.

"ऐकलं का गं? उद्या लवकर उठायचं. राजा सांगून राहिला."